संदर्भ देण्याची रीत : शोधनिबंध व ग्रामेतिहास लिहिणाऱ्यांसाठी

शाळेचा सुवर्णमहोत्सव, देवस्थानाचा जीर्णोद्धार, ग्रंथालयाचा वर्धापनदिन अशा निमित्तांनी निघणाऱ्या स्मरणिकांतून गावोगावच्या इतिहासाचे लेखन प्रसिद्ध होत असते. दुसऱ्या बाजूस महाविद्यालयांतील शिक्षक व विद्यार्थी पदवीसाठी प्रबंध लिहितात, नियतकालिकांना शोधनिबंध पाठवितात. या दोन्ही प्रकारच्या लेखनामागे परिश्रम असतात, कित्येकदा त्यात दुर्मिळ माहितीही असते. परंतु ती माहिती लेखकाने कोठून घेतली हे पुष्कळदा कळत नाही. ‘जुन्या कागदपत्रांवरून असे दिसते’, ‘इतिहासकारांचे मत आहे’, ‘पोर्तुगीज दप्तरात नोंद आढळते’ एवढ्यावरच भागविलेले असते. कोणता कागद, कोणता इतिहासकार, दप्तराचा कोणता ग्रंथ आणि त्याचे कितवे पान, असे वाचकाने विचारायचे ठरविले, तर त्याला उत्तर कोण देणार? लेखक हयात व उपलब्ध असला तरी वीस वर्षांपूर्वी पाहिलेला कागद त्याला आठवेलच असे नाही.

संदर्भ कसे द्यावेत, त्यासाठी तयार असलेल्या लेखनमार्गदर्शिकांचा उपयोग कसा करावा आणि मराठी साधने हाताळताना त्या मार्गदर्शिका कोठे अपुऱ्या पडतात, याचा विचार येथे केला आहे. उदाहरणे मुख्यतः गोमंतकाच्या इतिहासलेखनातील घेतली आहेत.

एका सनदेचा प्रवास

गोव्यातील गावकरी संस्थेविषयी लिहिणारा बहुतेक प्रत्येक लेखक १५२६ च्या सनदेचा उल्लेख करतो. आफोंसु मेशिय या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गावकऱ्यांचे परंपरागत रीतिरिवाज, हक्क व देणी यांची नोंद करण्यात आली आणि १६ सप्टेंबर १५२६ रोजी ती सनद, म्हणजेच ‘फोराल’, सिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकात कुन्य रिव्हार यांनी ‘आर्किव्हु पोर्तुगेज ओरिएंताल’ या आपल्या विस्तृत संग्रहात (१८५७ ते १८७६) तिची संहिता छापली. तेथून पुढे तिचे सारांश व अनुवाद झाले, त्या अनुवादांवरून मराठीत लेखन झाले, आणि त्या मराठी लेखनावरून स्मरणिकांतील लेख तयार झाले.

आता समजा, एका स्मरणिकेत असे विधान आले की, ‘फोरालाने गावकऱ्यांना जमिनीचे मालक मानले.’ हे मूळ सनदेच्या एखाद्या कलमात स्पष्ट म्हटलेले आहे, की कलमे वाचून कोणा अभ्यासकाने काढलेला तो निष्कर्ष आहे? ‘मालक’ हा शब्द कोणत्या पोर्तुगीज शब्दासाठी योजिला? की तो अनुवादकाच्या लेखणीतून आलेला आहे? गावकरीच्या जमिनींचे प्रश्न आजही कचेऱ्यांत व न्यायालयांत उभे राहतात. तेथे असे विधान पुढे केले आणि त्याचा आधार विचारला गेला, तर स्मरणिकेचे पान दाखवून काम भागत नाही. विधान खरे असूनही ते तेथे निरुपयोगी ठरते, कारण त्याच्यापासून मूळ कागदापर्यंत जाणारी वाट मधल्या लेखकांनी पुसून टाकलेली असते.

म्हणून सर्व मार्गदर्शिका एक नियम एकमुखाने सांगतात: जे साधन प्रत्यक्ष हाती घेऊन वाचले, त्याचाच संदर्भ द्यावा. रिव्हार यांचा संग्रह न पाहता त्याचे पान तळटीपेत देणे ही वाचकाची दिशाभूल होय. फोरालाचा मजकूर एखाद्या मराठी ग्रंथात उद्धृत केलेला वाचला असेल, तर आधी मूळ साधनाचे नाव लिहून पुढे ‘अमुक ग्रंथात, अमुक पृष्ठावर उद्धृत’ असे स्पष्ट म्हणावे. यात कमीपणा काही नाही. उलट मधल्या ग्रंथकाराने वाचण्यात चूक केलेली असल्यास ती कोठे झाली हे पुढच्या अभ्यासकाला शोधता येते.

मार्गदर्शिका कशा निर्माण झाल्या

आज विद्यापीठांत ज्या तीन मार्गदर्शिकांची नावे वारंवार ऐकू येतात त्या तिन्ही अमेरिकेत तयार झाल्या. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेत जुळारी व मुद्रितशोधक यांच्या सोयीसाठी केलेल्या नियमांतून ‘शिकागो मॅन्युअल’ निर्माण झाले. त्याची पहिली आवृत्ती १९०६ ची, अठरावी २०२४ ची. त्याच विद्यापीठात प्रबंध तपासण्याचे काम करणाऱ्या केट तुराबियन यांनी १९३७ साली विद्यार्थ्यांसाठी एक आटोपशीर पुस्तिका केली. तिच्या आवृत्त्या अद्याप निघतात. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे नियम १९२९ साली एका नियतकालिकात अवघ्या सात पृष्ठांत प्रसिद्ध झाले होते. २०१९ मध्ये निघालेली सातवी आवृत्ती चारशेहून अधिक पृष्ठांची आहे. आधुनिक भाषा संघटनेचे (अमेरिकेतील भाषा व साहित्याच्या अध्यापकांची ही संस्था) पहिले नियमपत्रक १९५१ चे, हस्तपुस्तिका १९७७ ची आणि नववी आवृत्ती २०२१ ची.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, हे नियम म्हणजे कोणी घालून दिलेली शास्त्राज्ञा नव्हे. छापखान्यातील गोंधळ टळावा, लेखक, संपादक व जुळारी यांनी एकच रीत पाळावी, एवढ्यासाठी ते झाले आणि गरजेनुसार बदलत गेले. स्वल्पविराम कोठे व पूर्णविराम कोठे यावरून प्रबंध परत पाठविणारे परीक्षक भेटतात. तथापि ज्या संदर्भावरून ग्रंथ सापडतो आणि पान सापडते, त्यात विरामचिन्ह चुकले तरी मूळ काम झालेले असते. विरामचिन्हे निर्दोष असूनही पृष्ठांक चुकलेला असला तर मात्र तो संदर्भ व्यर्थ होय.

मराठीत संदर्भलेखनाची परंपरा नव्हती असे मात्र मुळीच नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून मूळ पत्रे प्रसिद्ध करताना प्रत्येक पत्राला लेखांक दिला. १९१० साली पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाभोवती जमलेल्या अभ्यासकांनीही ही शिस्त चालविली. ‘खंड अमुक, लेखांक अमुक’ असा निर्देश केला म्हणजे ग्रंथाचे पुनर्मुद्रण होऊन पाने बदलली तरी पत्र सापडते. पृष्ठांकापेक्षा ही सोय अधिक टिकाऊ आहे, आणि साधनग्रंथांच्या बाबतीत परदेशी मार्गदर्शिकेच्या आग्रहाखातर ती सोडू नये.

एकच ग्रंथ, तीन रीती

गोव्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख म्हणून दीर्घकाळ काम केलेले पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केला. त्याचा निर्देश तिन्ही रीतींनी कसा होईल ते पाहू. पृष्ठांक केवळ नमुन्यादाखल आहेत.

शिकागोच्या तळटीप पद्धतीत मजकुरात वाक्याच्या शेवटी लहान अंक घालून पानाच्या तळाशी लिहावयाचे: पां. स. पिसुर्लेकर, पोर्तुगेज-मराठे संबंध (पुणे: पुणे विद्यापीठ, १९६७), ४०. तोच ग्रंथ पुन्हा आला की: पिसुर्लेकर, पोर्तुगेज-मराठे संबंध, ५२. शेवटच्या ग्रंथसूचीत आडनाव पुढे आणून: पिसुर्लेकर, पां. स. पोर्तुगेज-मराठे संबंध. पुणे: पुणे विद्यापीठ, १९६७.

मानसशास्त्र संघटनेच्या लेखक-वर्ष पद्धतीत मजकुरातच कंस येतो: (पिसुर्लेकर, १९६७, पृ. ४०). सूचीतील नोंद अशी: पिसुर्लेकर, पां. स. (१९६७). पोर्तुगेज-मराठे संबंध. पुणे विद्यापीठ. भाषा संघटनेच्या रीतीत कंसात वर्षही नसते, केवळ (पिसुर्लेकर ४०) एवढेच. आणि सूचीत: पिसुर्लेकर, पांडुरंग सखाराम. पोर्तुगेज-मराठे संबंध. पुणे विद्यापीठ, १९६७.

यांपैकी कोणती निवडावी? विद्यापीठाने वा नियतकालिकाने सांगितले असेल तर ती. प्रश्नच उरत नाही. निवड आपल्या हाती असेल तर विषयाकडे पाहावे. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, कृषी अशा विषयांत माहिती कोणत्या वर्षाची हे महत्त्वाचे असल्याने वर्ष डोळ्यांपुढे ठेवणारी पद्धत सोयीची. साहित्यसमीक्षेत त्याच एका कादंबरीतील अनेक पानांचा निर्देश पुनःपुन्हा करावयाचा असतो, तेथे लेखक-पृष्ठ पद्धत सुटसुटीत. इतिहासासाठी मात्र तळटीपेला पर्याय नाही. दप्तराचे नाव, ग्रंथक्रमांक, पत्राचा क्रमांक, तारीख, कोणी कोणास लिहिले हा सर्व तपशील कंसात कोंबला तर मजकूर वाचताच येत नाही. एकदा निवडलेली रीत शेवटपर्यंत पाळावी. पहिल्या प्रकरणात तळटीपा, दुसऱ्यात कंस आणि तिसऱ्यात काहीच नाही असे प्रबंध पाहावयास मिळतात, म्हणून हे सांगावे लागते.

प्रकाशनस्थळ गाळण्याची जी नवी रीत वरील दोन पद्धतींनी स्वीकारली आहे, ती मराठी ग्रंथांना लावू नये हे बरे. पुणे-मुंबईइतकेच बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, मडगाव येथेही मराठी ग्रंथ निघाले. जुन्या ग्रंथावर प्रकाशकाच्या जागी लेखकाचे वा छापखान्याचेच नाव असते, आणि तो कोठे शोधावा हे सांगणारी एकमेव खूण म्हणजे गावाचे नाव.

‘तत्रैव’ आणि ‘उपरिनिर्दिष्ट’ या शब्दांविषयीही सावधगिरी हवी. लागोपाठ दोन तळटीपा एकाच ग्रंथाच्या असल्या तर दुसरीत ‘तत्रैव’ लिहिण्याचा प्रघात जुना आहे. परंतु सुधारित खर्डा करताना त्या दोहोंमध्ये तिसरी तळटीप शिरली, की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. शिकागोच्या मार्गदर्शिकेनेही २०१७ च्या आवृत्तीपासून त्याऐवजी लेखकाचे आडनाव व ग्रंथाचे संक्षिप्त नाव देण्याचीच शिफारस केली आहे.

नावांची अडचण

पिसुर्लेकरांच्या पोर्तुगीज ग्रंथांवर त्यांचे नाव पोर्तुगीज वळणाने ‘पांडुरोंग पिसुर्लेंकार’ असे छापलेले आहे. मराठी ग्रंथावर मराठी रूप आहे. लिपी वेगळी, वर्णलेखन वेगळे. परिणामी एकच ग्रंथकार ग्रंथालयाच्या सूचीत दोन ठिकाणी जाऊन बसतो आणि अनभिज्ञ विद्यार्थी त्यांस दोन व्यक्ती समजतो. यास्तव सूचीत कोणते तरी एक रूप मुख्य धरून दुसऱ्या रूपापाशी ‘पाहा’ असा निर्देश करावा. पोर्तुगीज व इंग्रजी ग्रंथांची नावे प्रबंधात मूळ लिपीतच, सूचीच्या स्वतंत्र विभागात द्यावीत. प्रस्तुत लेखात ती वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत, पण तशी देऊन ग्रंथालयात ग्रंथ मागता येणार नाही. शीर्षकाचे मराठीत भाषांतर करून तेवढेच देणे तर त्याहून वाईट.

आडनाव आधी घेण्याचा पाश्चात्त्य नियम आधुनिक मराठी नावांस चालतो, मात्र आद्याक्षरे दोनही द्यावीत. देसाई, नाईक, कामत, प्रभू ही आडनावे इतकी सर्वत्र आहेत की नुसत्या ‘नाईक’ या नोंदीवरून काही बोध होत नाही. लोकांत रूढ झालेली उपाधी सूचीत घालू नये: ‘रियासतकार’ या शब्दाखाली कोणी शोधणार नाही, नोंद ‘सरदेसाई, गोविंद सखाराम’ अशीच हवी. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची नोंद मुखपृष्ठावरील नावाने करून खरे नाव चौकटी कंसात द्यावे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ ज्या नावाने निघाले ते ‘विभावरी शिरूरकर’ हेच सूचीत आधी येईल, पुढे कंसात मालती बेडेकर. संतकवींना आडनावाचा नियम लावण्याचा प्रश्नच नाही.

प्राचीन काव्यग्रंथांस पृष्ठांकही देऊ नयेत. ज्ञानेश्वरीच्या अनेक आवृत्त्या घरोघरी असतात. तेथे अध्याय व ओवी सांगितली की कोणत्याही प्रतीत स्थळ सापडते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याचा निर्देशही पुराण (पहिले किंवा दुसरे), अवस्वरू व ओवी या क्रमाने करावा आणि पाठ कोणत्या संपादकाच्या आवृत्तीतील आहे हे सूचीत एकदा सांगावे.

तारखा: जेथे सर्वाधिक चुका होतात

मराठी, पोर्तुगीज व इंग्रजी अशा तीन प्रकारच्या कागदांवरून काम करणाऱ्याला परदेशी मार्गदर्शिका तारखांच्या बाबतीत फारसे साहाय्य करीत नाहीत, आणि नेमक्या याच ठिकाणी एक वर्षाची किंवा दहा दिवसांची चूक होऊन बसते.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचे उदाहरण घ्यावे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत ती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले की इसवी सन येतो असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. तसे केल्यास १६२९ येईल. परंतु शकवर्ष चैत्रात सुरू होते आणि फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेले असते. म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, आणि वर्ष १६३० येते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अशी सिद्ध होते.

येथे प्रश्न संपत नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. पोर्तुगालने १५८२ साली सुधारित ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले होते. त्या पंचांगाप्रमाणे तोच दिवस १ मार्च १६३० होतो. इंग्रजांनी मात्र १७५२ पर्यंत जुनेच पंचांग ठेवले, आणि त्यांचे सरकारी वर्षही २५ मार्च रोजी सुरू होत असे. त्यामुळे त्या दिवशी इंग्रज वखारीत लिहिल्या गेलेल्या कागदावर १९ फेब्रुवारी १६२९ अशी तारीख पडेल. एकच दिवस, एकच सकाळ. मराठी कागदात शके १५५१, पोर्तुगीज कागदात मार्च १६३० आणि इंग्रजी कागदात १६२९! या तिन्ही तारखा जशाच्या तशा एका तक्त्यात मांडल्या तर तीन वेगवेगळे प्रसंग झाल्याचा भास होईल. सतराव्या शतकात दोन पंचांगांत दहा दिवसांचे आणि १७०० च्या फेब्रुवारीनंतर अकरा दिवसांचे अंतर धरावे लागते.

पेशवेकालीन पत्रांत अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला सुहूर सन येतो. ‘इहिदे सितैन मया अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ रोजी, म्हणजे १४ जानेवारी १७६१ ला झाली. ती याच ११६१ सुहूर सनात पडते. त्याच सनातील कार्तिकाचे पत्र मात्र १७६० चे होय.

ग्वाल्हेर, इंदूर किंवा बडोदे येथील कागद वापरणाऱ्यांना आणखी दोन खाचखळगे आहेत. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपल्याकडील फाल्गुन वद्य तृतीया ही तेथे चैत्र वद्य तृतीया असते. विक्रम संवत उत्तरेत चैत्रात आणि गुजरातेत कार्तिकात पालटतो, म्हणून चैत्र ते आश्विन या महिन्यांत दोहोंच्या आकड्यांत एकाचा फरक राहतो.

या सर्वांवर उपाय साधा आहे. कागदावर असलेली तारीख आधी जशी आहे तशी द्यावी आणि आपण केलेले रूपांतर चौकटी कंसात पुढे लिहावे. रूपांतर कोणत्या जंत्रीवरून केले आणि इसवी तारीख कोणत्या पंचांगाची आहे, हे प्रस्तावनेत एकदा नमूद करावे. मूळ तारीख पुसून केवळ इसवी सन देणारा लेखक आपली चूक सुधारण्याची संधी इतर कोणास ठेवीत नाही.

दप्तर, राजपत्र आणि कायदा

गोव्याचे पोर्तुगीज दप्तर १५९५ साली स्थापन झाले. दियोगु द कोउतु हा इतिहासकार त्याचा पहिला दप्तरदार. पणजीच्या पुराभिलेखागारात आज जे ग्रंथ आहेत, त्यांतील लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे ‘मोंसोंइश’ नावाचे ग्रंथ अभ्यासकांना विशेष उपयोगी पडतात. त्यांचा निर्देश करताना मालिकेचे नाव, ग्रंथाचा क्रमांक (काहींच्या क्रमांकापुढे अक्षरही असते, ते गाळू नये), पत्राचा क्रमांक आणि त्याची पुढील बाजू की मागील बाजू हे लिहावे. हस्तलिखितात बहुधा पानाच्या एकाच बाजूवर अंक घातलेला असतो. ‘पृष्ठ’ आणि ‘पत्र’ यांची गल्लत झाली की शोध दुप्पट लांबतो. पोथ्यांच्या बाबतीत ‘पत्र १२ अ’, ‘पत्र १२ ब’ ही रीत सोयीची आहे. आधी संस्थेचे व शहराचे नाव असावेच.

सरकारी राजपत्राचा निर्देश मालिका, अंक व दिनांक यांनी करावा. कायद्यास लेखक नसतो. त्याचे अधिकृत नाव, क्रमांक, दिनांक व कलम एवढे पुरते. गावकरी संस्थांची शेवटची पोर्तुगीज संहिता ही १५ एप्रिल १९६१ च्या २०७० क्रमांकाच्या वैधानिक आदेशाने लागू झाली. ‘गावकरीच्या कायद्यात म्हटले आहे’ असे लिहिणारा लेखक या संहितेविषयी बोलतो, की तिच्या आधीच्या एखाद्या कायद्याविषयी, की पुढे झालेल्या दुरुस्तीविषयी, हे क्रमांक व दिनांक दिल्यावाचून समजत नाही.

अवतरणे आणि उसने लेखन

अवतरण जसेच्या तसे असावे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा व १९७२ साली आणखी चार असे अठरा शुद्धलेखननियम केले. लेखकाने स्वतःच्या वाक्यांत ते पाळावेत. अवतरणचिन्हांच्या आतील मजकुरास ते लावू नयेत. जुन्या ग्रंथात ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे सानुस्वार शब्द आले तर अनुस्वार काढू नयेत. मोडीतून उतरून घेतलेल्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्याचा मोह होतो, पण मोडीत तो भेद काटेकोर नसल्याने सुधारणा लेखकाची ठरते, पत्राची नव्हे. मधला भाग गाळला तर तीन टिंबे, आपला शब्द घातला तर चौकटी कंस.

शब्द बदलून दुसऱ्याचा विचार मांडला तरी संदर्भ द्यावाच लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास आळा घालणारे विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत असल्यास प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो, साठपर्यंत असल्यास एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही, आणि साठाच्या वर नोंदणीच रद्द होते. रीतसर निर्देश करून दिलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. तात्पर्य, प्रामाणिकपणे संदर्भ देणाऱ्यास या विनियमांची भीती बाळगण्याचे कारण नाही.

संदर्भ आपोआप जुळवून देणाऱ्या संगणकीय साधनांचा उपयोग अवश्य करावा, पण देवनागरी वर्णक्रम स्वतः तपासावा. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ कोठे धरावयाचे याचा निर्णय आपणच घेऊन सूचीच्या आरंभी सांगावा. प्रश्न विचारताच मजकूर लिहून देणारी जी नवी साधने आली आहेत, ती कित्येकदा अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे, वर्ष व पृष्ठांकांसह, मोठ्या आत्मविश्वासाने देतात. हाती न घेतलेल्या ग्रंथाचा संदर्भ देऊ नये हा आधी सांगितलेला नियम येथे पुन्हा कामास येतो.

तोंडी माहिती

ग्रामेतिहासाचे अर्धे साधन लिहिलेले नसतेच. देवीच्या स्थलांतराची कथा, बांध कोणी घातला, शेताचे नाव कसे पडले, धालोत म्हटली जाणारी गीते, ही सर्व माहिती गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांपाशी असते. मानसशास्त्र संघटनेची मार्गदर्शिका अशा संभाषणास ‘वैयक्तिक संपर्क’ मानते: त्याचा निर्देश मजकुरात करावा, सूचीत मात्र करू नये, कारण वाचकास ते पुन्हा मिळविता येत नाही. प्रयोगशाळेतील संशोधकाला हे पुरेसे असेल. गावाच्या इतिहासाला ते पुरे पडत नाही. येथे सांगणारी आजी हाच मूळ ग्रंथ असतो आणि तिला सूचीतून वगळणे म्हणजे मुख्य साधनच वगळणे होय.

म्हणून माहिती देणाऱ्याचे नाव, वय, वाडा व गाव, व्यवसाय, भेटीचा दिनांक आणि विचारणाऱ्याचे नाव यांची नोंद त्याच दिवशी करावी. नाव छापण्यास त्याची संमती आहे की नाही हे विचारावे. नसल्यास ‘अमुक वाड्यावरील वृद्ध शेतकरी’ असे लिहावे, पण खरी नोंद आपल्या वहीत ठेवावी. त्याने स्वतः पाहिलेले काय आणि आजोबांकडून ऐकलेले काय, हे त्यालाच विचारून वेगळे लिहावे. बोलणे कोकणीत झाले असेल तर महत्त्वाचा शब्द कोकणीतच ठेवून मराठी अर्थ पुढे द्यावा. ध्वनिमुद्रण केले असल्यास त्याची एक प्रत शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात क्रमांक घालून ठेवावी, आणि तळटीपेत तो क्रमांक द्यावा. मग ते संभाषण ‘पुन्हा मिळविता न येणारे’ राहत नाही, आणि सूचीत त्याला ग्रंथांच्या शेजारी जागा देण्यास कोणत्याही मार्गदर्शिकेची हरकत उरत नाही. प्रत ठेवताना ग्रंथपालाकडून दाखल-नोंदवहीत दिनांकासह नोंद करून घ्यावी, कारण नुसते कपाटात ठेवलेले मुद्रण पुढच्या आवराआवरीत कोठे जाईल ते सांगता येत नाही.